जपानी ऑफिसातल्या ‘ओएल’: चहा, झेरॉक्स आणि पंचविशीच्या आत लग्न. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची पुण्याची, सध्या टोकियोत दुभाषी म्हणून काम करते. पुण्यात जपानी शिकणाऱ्या मुली, त्यांचे आईबाबा, इथे निशी-कासाईत नवऱ्याच्या नोकरीमागे आलेल्या मैत्रिणी, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतेय. काही प्रश्न मला आवडतात त्यांची उत्तरं लांबलीत, काहींची दोन ओळीत उरकलीत. चालवून घ्या.

ओएल म्हणजे नक्की कोण?

ऑफिस लेडी. जपानी लोक इंग्रजीतली दोन अक्षरं उचलून ‘ओ-एरु’ म्हणतात, इंग्रजांना मात्र याचा पत्ताच नसतो. मोठ्या कंपनीत क्लार्कच्या लेव्हलला काम करणारी, साधारण विशीतली, बहुतेक वेळा लग्न न झालेली मुलगी, तिला म्हणायचे ओएल. त्याआधी ‘बीजी’ म्हणजे बिझनेस गर्ल म्हणायचे, पण त्याचा बाहेरच्या देशात भलताच अर्थ लागेल अशी भीती वाटली, ऑलिंपिक तोंडावर आलेलं, मग १९६३ मध्ये एका महिला साप्ताहिकाने वाचकांकडून मतं मागवली आणि ओएल हे नाव पुढे आलं.

पुरुष असेल तर तो सॅलरीमॅन. तो कंपनीचा जन्मभराचा माणूस आणि ही चार-पाच वर्षांची पाहुणी. दोघं एकाच वर्षी, एकाच एप्रिल महिन्यात लागलेले असायचे (जपानात नवीन भरती १ एप्रिललाच होते), शेजारी शेजारी बसायचे, पण पहिल्या दिवसापासून दोघांचे रस्ते वेगळे.

‘शोभेच्या’ म्हणतात, मग काय नुसत्या बसून असायच्या का?

अजिबात नाही! इथेच सगळ्यांचा गैरसमज होतो. काम भरपूर असायचं. बिलं, व्हाउचर, फायलिंग, टायपिंग, ऑर्डर नोंदवणं, प्रत्येक फोन दुसऱ्या रिंगच्या आत उचलणं, झेरॉक्सचे गठ्ठे काढणं, साहेबांच्या प्रवासखर्चाचा हिशोब लावणं. ऑफिस खरं तर याच कामावर चालायचं. पण कंपनीच्या भाषेत ते ‘सहाय्यक काम’, म्हणजे खरं काम पुरुष करणार आणि या त्यांना हातभार लावणार, त्यामुळे बढती बिढतीचा विषयच नाही.

शोभा ही त्याच्यावरची वेगळी अपेक्षा होती, आणि तिचे पैसे मिळायचे नाहीत. ‘शोकुबा नो हाना’ म्हणजे ऑफिसातलं फूल, हा शब्द लोक कौतुकाने वापरायचे, साहेब वापरायचे, मुलींचे आईवडील पण वापरायचे. हसतमुख असावी, आवाज गोड असावा, पाहुणा आला की वातावरण प्रसन्न व्हावं. आणि साहेब तिची ओळख करून देताना म्हणणार ‘उची नो ओन्ना नो को’, आमच्याकडची मुलगी. चोवीस वर्षांच्या बाईला मुलगी, आणि तिच्याच बरोबर लागलेल्या पोऱ्याला मात्र आडनाव आणि हातात व्हिजिटिंग कार्ड. तिच्याकडे बऱ्याचदा कार्डच नसायचं.

भरतीच्या वेळी बघायचे काय, तर अनेक कंपन्यांना चार वर्षांची डिग्री झालेली मुलगी नकोच असायची, दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजची, ज्याला तानदाई म्हणतात, ती हवी. का? कारण ती विसाव्या वर्षी लागते आणि लग्नाआधी जास्त वर्षं काम करते, डिग्रीवाली बाविसाव्या वर्षी येणार, म्हणजे दोन वर्षं वाया. आणि शक्यतो आईवडिलांकडे राहणारी हवी, एकटी खोली घेऊन राहणारी नको. एक तर पगार त्यात भागतो म्हणून, आणि दुसरं म्हणजे ‘चांगल्या घरची’ याचा पुरावा म्हणून.

कारण कंपनीला फक्त क्लार्क नको होती, आपल्या पोरांना बायका पण हव्या होत्या. सॅलरीमॅन रात्री अकरापर्यंत ऑफिसात, त्याला मुलगी भेटणार कुठे? मग ऑफिसातच भेटू दे. लग्न झालं की ती सोडून जाते, आणि तिला कंपनी कशी चालते हे माहीत असल्यामुळे नवरा मध्यरात्री घरी आला तरी कुरकुर करत नाही. थोडक्यात आठवड्याचे सहा दिवस चालणारा कांदेपोह्यांचा कार्यक्रम, ट्रे पण तिच्याच हातात.

चहाचं एवढं काय प्रकरण आहे?

चहा हा ओएलच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा वादाचा विषय होता हे ऐकून लोक हसतात. पण ऐका.

ऑफिसच्या कोपऱ्यात एक छोटी खोली असते, क्यूतोशित्सु, गरम पाण्याची खोली, आपण पँट्री म्हणू. सकाळी कामाच्या वेळेच्या अर्धा-पाऊण तास आधी येऊन मुलींनी टेबलं पुसायची, अॅशट्रे रिकामे करायचे (तेव्हा ऑफिसभर सिगारेटी), आणि सगळ्यांना चहा. मग दुपारी तीनला परत. डिपार्टमेंटमधल्या प्रत्येक माणसाचा स्वतःचा कप, आणि कुठला कप कुणाचा, कुणाला कडक, कुणाला कोमट, कुणाला कॉफी दोन साखर, हे नवीन मुलीने पहिल्या आठवड्यात पाठ करायचं. त्यासाठी नकाशा काढलेला असायचा, खोटं नाही सांगत.

पाहुणा आला तर त्याची वेगळीच शाळा. दारापासून सगळ्यात लांबची खुर्ची ही मानाची, तिथून सुरुवात करायची, आधी पाहुणे मग आपले लोक, तेही हुद्द्याच्या क्रमाने. उजव्या बाजूने ठेवायचा. कप काठोकाठ भरायचा नाही, सात-आठ दशांश. कपावर नक्षी असेल तर ती पाहुण्याच्या समोर आली पाहिजे. आणि नमस्कार म्हणून वाकायचं ते पण मोजून, साधं १५ अंश, आदराने ३० अंश, माफी मागताना ४५. हे सगळं एप्रिलच्या ट्रेनिंगमध्ये शिकवायचे, आणि वाकायचं कसं हे आजही शिकवतात, पण आता पोरांना पण.

एक कप चहा करायला कुणाची ना नसते हो. प्रश्न असा की चहा कुणी करायचा हे कामावर ठरत नव्हतं. दहा वर्षं नोकरी झालेली बाई काल लागलेल्या पोराला चहा नेऊन देणार, आणि तिचं हातातलं काम तिथेच पडून राहणार. १९६३ मध्येच क्योटो महापालिकेच्या एका विभागातल्या बायकांनी चहा करायला साफ नकार दिला होता, आणि त्याची इतकी चर्चा झाली की पुढे राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी त्यावर लिहिलं. साध्या चहावरून! पण त्या बायकांना बरोब्बर माहीत होतं की मुद्दा चहाचा नाहीये.

युनिफॉर्म फक्त बायकांनाच का असायचा?

पुरुषांना पण होता, त्याला सूट म्हणतात :) पण कंपनीने दिलेला, शर्ट, जाकीट, गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट आणि गळ्यात रिबिन असा तो बायकांनाच. कारणं दोन सांगायचे, कपड्यांवर खर्च होत नाही आणि सगळ्या सारख्या दिसतात. त्यातलं पहिलं कारण बऱ्याच मुलींना पटायचं पण, हे मान्य केलं पाहिजे. गंमत म्हणजे नव्वदच्या दशकात मंदी आली आणि खर्च कापायला निघाल्यावर अनेक कंपन्यांनी पहिला घाला युनिफॉर्मवरच घातला. समानता वगैरे नंतर, आधी धोब्याचं बिल. बँका, हॉस्पिटल आणि छोट्या गावातल्या ऑफिसांत अजून दिसतो.

पंचवीस वर्षं आणि ख्रिसमस केक, हे काय आहे?

जपानात ख्रिसमसला क्रीम आणि स्ट्रॉबेरीचा केक खायची पद्धत आहे, आणि तो २४ तारखेला खातात. २५ ला दुकानदार भाव पाडतो आणि २६ ला कुणी विचारत नाही. तर मुलींचं पण तसंच, चोविसाव्या वर्षापर्यंत हातोहात, पंचविशीत सवलतीच्या दरात, पुढे राम राम. ऐंशीच्या दशकात हा विनोद ऑफिसात सगळ्यांसमोर करायचे आणि तिने हसायचं असायचं.

आकडे बघितले तर विनोद कुठून आला ते कळतं. १९७५ साली जपानी मुलींचं पहिल्या लग्नाचं सरासरी वय २४.७ होतं. २०२२ साली २९.७ झालं. केकवाले आता गप्प बसलेत.

लग्न ठरलं की नोकरी सोडायची, त्याला ‘कोतोबुकी ताइशा’ म्हणतात, मंगल निवृत्ती. फुलांचा गुच्छ द्यायचे, टाळ्या वाजवायचे, ती रडायची. कुणी ढकललं नाही असंच दिसायचं. आणि जी सोडून गेली नाही, तिशीच्या पुढे टिकली, तिला पाठीमागे ‘ओत्सुबोने’ म्हणायचे, जुन्या राजवाड्यातल्या अंतःपुरात हुकूम चालवणाऱ्या मानकरणींचं हे नाव. ती कामात सगळ्यात हुशार असायची, नवीन साहेबाला पण तिलाच विचारून काम करावं लागायचं, पण हुद्दा तोच जो विसाव्या वर्षी होता.

पण ही त्यांची परंपराच आहे ना? जपानी संस्कृतीत बायकांनी नम्र असणं वगैरे?

हा प्रश्न आला की माझं डोकं फिरतं. सामुराई, किमोनो, चहाचा विधी, सगळं एकत्र करून लोक सांगतात की बघा जपानी बाई अशीच असते. अहो, युद्धाच्या आधी जपानी बायका भातशेतीत राबत होत्या, रेशमाच्या आणि सुताच्या गिरण्यांमध्ये बारा बारा तास उभ्या होत्या. शोभेसाठी बसायला कुणाला वेळ होता? रिबिनवाली ओएल ही १९५५-६० नंतरची, उंच इमारती आणि मोठ्या कंपन्या आल्या तेव्हाची गोष्ट आहे. परंपरा नाही ती, हिशोब आहे.

हिशोब असा. जपानी कंपनीत पगार कामावर नाही, वर्षांवर वाढतो, आणि माणूस एकदा लागला की रिटायर होईपर्यंत राहतो. आता क्लार्कचं काम विसाव्या वर्षी जसं तसंच चाळिसाव्या वर्षी, पण पगार मात्र चढत चढत जाणार. म्हणजे कंपनीला असे लोक हवे होते जे स्वस्तात लागतील, पाच-सहा वर्षं मन लावून काम करतील आणि पगार चढायच्या आत आपणहून निघून जातील, भांडण न करता, वर आभार मानून. असे लोक मिळणार कुठे? मुलींच्या लग्नाच्या रूपाने ते फुकट मिळाले. मग ‘फूल’, ‘चांगल्या घरची’, ‘केक’ ही सगळी भाषा त्या हिशोबाला चिकटवलेली आहे. फुलाचं एक बरं असतं, ते सुकलं की बदलतात आणि कुणाला अपराधी वाटत नाही.

मी हे माझ्या मनाने नाही बोलत. सुमितोमो सिमेंट कंपनी बायकांना नोकरीवर घेताना लिहून घ्यायची की लग्न झालं किंवा पस्तिशी पूर्ण झाली की राजीनामा देईन. एका बाईने लग्नानंतर राजीनामा दिला नाही, कंपनीने काढलं, ती कोर्टात गेली. कंपनीने कोर्टात काय सांगितलं माहितीये? लग्न झालेल्या बाईचं लक्ष घरात असतं त्यामुळे काम कमी होतं, आणि नोकरीची वर्षं वाढली की तिचा पगार तिच्या सहाय्यक कामाच्या मानाने जास्त होतो. यात संस्कृती कुठाय? सगळी पगाराची भाषा आहे. १९६६ साली टोकियो जिल्हा कोर्टाने तो नियम रद्द ठरवला.

मग कायदा काय करत होता?

कायद्यात एक मजेशीर भोक होतं. १९४७ चा कामगार कायदा म्हणतो की बाई म्हणून पगारात भेद करायचा नाही, कलम ४. पण कामाच्या बाकीच्या अटींबद्दल जे कलम ३ आहे त्यात राष्ट्रीयत्व, धर्मश्रद्धा, सामाजिक स्थान एवढंच लिहिलंय, स्त्री-पुरुष हा शब्दच नाही. का, तर त्याच कायद्यात बायकांसाठी रात्रपाळी बंद, ओव्हरटाइमला मर्यादा असं ‘संरक्षण’ होतं, म्हणजे कायदाच भेद करत होता. मग कंपन्या म्हणायच्या, पगार सारखाच देतो, फक्त आधी रिटायर करतो. वा!

त्यामुळे बायकांना नागरी कायद्याच्या कलम ९० वरून, म्हणजे ‘हे सार्वजनिक नीतीच्या विरुद्ध आहे’ असं म्हणत एकेक केस लढावी लागली. १९६६ ला लग्नाची अट गेली. १९६९ ला एका कंपनीचा ‘बायका तिशीला रिटायर, पुरुष पंचावन्नला’ हा नियम गेला. मग इझू द्वीपकल्पातल्या निवडुंग बागेची केस, हो, निवडुंग, पर्यटकांसाठी कॅक्टसची बाग आहे तिथे, बायका ४७ ला आणि पुरुष ५७ ला, तोही नियम गेला. शेवटी १९८१ मध्ये निसान मोटरच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बायकांचं रिटायरमेंटचं वय पुरुषांपेक्षा पाच वर्षांनी कमी ठेवणं सुद्धा चालणार नाही. पंधरा वर्षं लागली लग्नाच्या अटीपासून इथपर्यंत यायला.

१९८६ च्या समान संधी कायद्याने सगळं बदललं ना?

पुस्तकात तसं असतं. जपानला बायकांविरुद्धच्या भेदभावाबद्दलचा युनोचा करार मान्य करायचा होता म्हणून १९८५ ला कायदा पास केला आणि एप्रिल १९८६ पासून लागू. कामगार मंत्रालयातल्या आकामात्सु र्योको या बाईंनी तो रेटून नेला, उद्योगपतींचा जोरदार विरोध होता, कामगार संघटनांनी सुद्धा नाकं मुरडली. तडजोड अशी झाली की रिटायरमेंट आणि नोकरीवरून काढण्यात भेद करायला बंदी, पण भरती आणि बढतीमध्ये मात्र कंपनीने समानतेसाठी ‘प्रयत्न करावेत’. प्रयत्न करतो साहेब, करतोय की, चालूच आहेत.

आणि कंपन्यांनी डोकं लावलं. नोकऱ्यांचे दोन मार्ग केले: सोगोशोकु म्हणजे मुख्य मार्ग, बढती आहे पण कंपनी सांगेल त्या गावाला बदली घ्यावी लागणार, आणि इप्पानशोकु म्हणजे साधा मार्ग, बदली नाही, बढती पण नाही. आता आम्ही स्त्री-पुरुष भेद करत नाही, फक्त मार्गांमध्ये करतो! आणि इप्पानशोकुच्या जाहिरातीत सरळ ‘फक्त महिला’ लिहिता यायचं, कारण बायकांना जास्त संधी देणं हा भेद धरला जात नव्हता. पुरुष सगळे आपोआप पहिल्या मार्गावर. मुलीला इंटरव्ह्यूत विचारणार, होक्काइदोला बदली झाली तर जाल का, लग्न झालं तर काय कराल. ज्या मोजक्या मुली सोगोशोकुमध्ये गेल्या त्यांची वेगळीच पंचाईत, त्यांना युनिफॉर्म द्यायचा का नाही, त्यांनी चहा करायचा का नाही यावर मिटिंगा झाल्यात. पुरुष म्हणायचे ही पुरुषासारखी वागते, ओएल म्हणायच्या ही स्वतःला शहाणी समजते.

त्याच वर्षी अजून दोन गोष्टी झाल्या ज्या कुणी सांगत नाही. एप्रिल १९८६ पासून पेन्शनचा नवीन नियम आला, नोकरदाराची बायको घरी असेल, किंवा तिची कमाई ठराविक मर्यादेच्या आत असेल (ही मर्यादा पुढे वर्षाला १३ लाख येनवर गेली), तर तिला हप्ता न भरता पेन्शन. म्हणजे एका हाताने म्हणायचं या कामाला, दुसऱ्या हाताने घरी बसल्याचं बक्षीस. आणि जुलै १९८६ पासून एजन्सीमार्फत माणसं भाड्याने घ्यायची परवानगी देणारा कायदा लागू झाला, हाकेन म्हणतात त्याला. पहिल्या यादीतली कामं बघा: सेक्रेटरी, फायलिंग, ऑफिसची मशीन चालवणं, रिसेप्शन. ओळखीची वाटतायत ना?

१९९७ ला कायद्यात दुरुस्ती झाली, १९९९ पासून भरती-बढतीत भेद करायला खरी बंदी आली आणि ‘फक्त महिला’ जाहिराती पण गेल्या. त्याच १९९९ ला हाकेनची यादी उठवून जवळजवळ सगळ्याच कामांना परवानगी दिली. ओएलला काढायची गरज राहिली नाही, तिची जागा भरायचीच बंद केली आणि तिथे तासावर पैसे घेणारी हाकेन मुलगी आणून बसवली, जिला बोनस नाही, कंपनीच्या ट्रिपला बोलावणं नाही. परत तोच हिशोब, फक्त आता लग्नाची पण वाट बघायला नको, कॉन्ट्रॅक्ट संपलं की संपलं.

मग त्या बिचाऱ्याच म्हणायच्या का?

नाही म्हणायच्या. मला तरी नाही वाटत, आणि त्या काळातल्या ज्या बायकांशी बोलते त्या तर खदाखदा हसतात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, जपानकडे पैसा उतू चालला होता तेव्हा, आईवडिलांकडे राहणारी ओएल म्हणजे सगळ्यात मजेत असलेला प्राणी. घरभाडं नाही, वर्षातून दोनदा बोनस, सहाला सुट्टी. हवाई, पॅरिस, हाँगकाँग फिरल्या, बॅगा घेतल्या, इंग्रजीचे क्लास, स्कीइंग. १९८८ ला टोकियोत ‘हानाको’ नावाचं मासिकासारखं साप्ताहिक निघालं खास यांच्यासाठी, त्याने १९९० मध्ये तिरामिसु या इटालियन गोड पदार्थाची अशी हवा केली की देशभर लोक तिरामिसु शोधत फिरत होते. १९९१ ला शिबाउराला ज्युलियानाज टोकियो नावाचा डिस्को उघडला, तिथे ऑफिस सुटल्यावर या पोरी घट्ट ड्रेस घालून पिसांचे पंखे हलवत उंच स्टेजवर नाचायच्या. दिवसभर रिबिन आणि ‘हाइ, काशिकोमारिमाशिता’ (हो, जशी आज्ञा), रात्री हे. सॅलरीमॅन तेव्हा साहेबाच्या ग्लासात बिअर ओतत बसलेला.

आणि ऑफिसात पण त्यांची ताकद होतीच. जिला बढती मिळणारच नाही तिला साहेबाची भीती कशाची? हा मुद्दा समाजशास्त्रज्ञांनी पण मांडलाय. नावडत्या माणसाचं काम गठ्ठ्याच्या सगळ्यात खाली, त्याचे निरोप उशिरा, त्याच्याबद्दलच्या गोष्टी पँट्रीतून अख्ख्या मजल्यावर. पुरुषाला वरून मार्क मिळायचे ते ‘मुलींना नीट सांभाळता येतं का’ यावर पण, त्यामुळे टूरवरून येताना ते मुकाट्याने मिठाईचे खोके घेऊन यायचे.

सगळ्यात उघड निकाल १४ फेब्रुवारीला. जपानात व्हॅलेंटाइनला बायका पुरुषांना चॉकलेट देतात, आणि ऑफिसात देतात ते ‘गिरी चोको’, म्हणजे रीत म्हणून द्यायचं चॉकलेट. कुणाच्या टेबलावर किती पडली हे सगळ्यांना दिसतं, आणि ज्याच्या टेबलावर काहीच नाही तो दिवसभर फायलीत तोंड घालून बसतो. पुरुषांनी परतफेड १४ मार्चला करायची. नंतर नंतर हा सगळा वैताग झाला, वर्गणी काढून तीस जणांना चॉकलेटं वाटायची म्हणजे काय, २०१८ मध्ये तर गोडिवा या चॉकलेटच्याच कंपनीने पेपरात जाहिरात दिली की गिरी चोको बंद करूया. आता बऱ्याच ऑफिसांत बंदच आहे.

पण ही ताकद कुठली, तर जाणाऱ्या माणसाची. राहायचं असेल तर तिचा काही उपयोग नाही, हे ज्या राहिल्या त्यांना कळलं.

लिफ्टमधल्या टोपी-हातमोजेवाल्या मुली त्या पण ओएलच का?

नाही, त्या एलिवेटर गर्ल, डिपार्टमेंट स्टोअरच्या. पहिली १९२९ ला उएनोच्या मात्सुझाकाया दुकानात आली असं मानतात. काम दिसायला सोपं पण आवाजाची पट्टी, हाताचा कोन, सगळं ठरलेलं. आता फार कमी उरल्यात.

छेडछाडीबद्दल काही बोलायची सोय होती का?

बरीच वर्षं शब्दच नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फुकुओकातल्या एका छोट्या प्रकाशन संस्थेतल्या बाईने केस केली, तिचा वरिष्ठ तिच्या खाजगी आयुष्याबद्दल गलिच्छ अफवा पसरवून तिला नोकरी सोडायला भाग पाडत होता. १९८९ ला ‘सेकुहारा’ (सेक्शुअल हॅरासमेंटचं जपानी लघुरूप) हा वर्षाचा नवीन शब्द ठरला, तेव्हा लोकांनी थट्टाच केली बरीच. १९९२ ला ती बाई जिंकली, १६ लाख ५० हजार येन भरपाई. कंपनीची जबाबदारी कायद्यात यायला मात्र १९९९ उजाडलं.

हील्स आणि चष्म्याचं प्रकरण खरंय का?

खरंय आणि फार जुनं पण नाहीये. २०१९ ला इशिकावा युमी या अभिनेत्रीने, जी तेव्हा अंत्यविधीच्या एका कंपनीत पार्टटाइम काम करत होती, लिहिलं की पुरुष सपाट बुटात आणि मला मात्र टाचेचे बूट का. त्यातून कू-टू चळवळ झाली, कुत्सु म्हणजे बूट, कुत्सू म्हणजे यातना, आणि मी-टूची आठवण. १८ हजारांहून जास्त सह्या सरकारला दिल्या. कामगारमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की समाजाला जे कामासाठी गरजेचं आणि योग्य वाटतं तेवढं चालायचंच. त्याच वर्षी काही ठिकाणी रिसेप्शनवरच्या बायकांना चष्मा लावायला मनाई आहे हे बाहेर आलं, कारण चष्म्याने ‘चेहरा थंड दिसतो’. बघा, हिशोब बदलला तरी फुलदाणी तिथेच. २०२० मध्ये जपान एअरलाइन्सने आपल्या बायकांना हील्सची आणि स्कर्टची सक्ती काढली, हे त्यातून निघालेलं खरं फळ.

आता ओएल उरल्यात का?

शब्द उरलाय, लंचचे मेनू आणि नेलपॉलिशच्या जाहिरातीत. तरुण मुली स्वतःला फारसं म्हणवून घेत नाहीत, ‘काइशाइन’ म्हणजे कंपनीचा माणूस म्हणतात. १९९६ पासून चार वर्षांच्या कॉलेजला जाणाऱ्या मुली तानदाईला जाणाऱ्यांपेक्षा जास्त झाल्या, आज काम करायच्या वयातल्या दहापैकी सात बायका नोकरी करतात, मोठ्या बँकांनी इप्पानशोकु हा मार्गच गुंडाळायला घेतलाय, आणि २०२२ पासून ३०० च्या वर माणसं असलेल्या कंपनीला स्त्री-पुरुष पगारातला फरक जाहीर करावा लागतो. पण नोकरी करणाऱ्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त पार्टटाइम, कॉन्ट्रॅक्ट किंवा हाकेन आहेत. मॅनेजरच्या खुर्चीत साधारण आठात एक बाई. ऑक्टोबर २०२५ मध्ये ताकाइची सानाए पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या म्हणून मला पुण्याहून अभिनंदनाचे मेसेज आले, आमच्या ऑफिसात त्या दिवशी फॅक्स नेहमीच्याच बाईने उचलला.

पाळीची रजा मिळते म्हणे?

कायद्यात १९४७ पासून आहे. घेणाऱ्या १ टक्क्याहून कमी. साहेबाला जाऊन सांगायचं कोण?

मी पुण्यात जपानी शिकतेय, एन-टू (जपानी भाषेच्या परीक्षेची पातळी) झालं की टोकियोत नोकरी बघणार. मला चहा करावा लागेल का?

बहुतेक नाही. चहाची जागा मशीनने आणि छोट्या बाटल्यांनी घेतलीय, कोविडनंतर तर पाहुण्याला सरळ बाटलीच ठेवतात. शिवाय आपल्याला ज्या व्हिसावर घेतात तो इंजिनिअर किंवा भाषेशी संबंधित कामाचा असतो, तिथे तुम्ही तज्ज्ञ म्हणून आलेल्या असता, नुसतं झेरॉक्स आणि चहा हे त्या व्हिसात बसतच नाही. एक मात्र होतं, परदेशी बाई असणं हा वेगळाच डबा आहे, त्यामुळे जपानी सहकारणीला जे मुकाट करावं लागतं त्यातून तुम्ही सुटता, आणि मग ती तुमच्या देखत कप विसळत असते. अशा वेळी काय करायचं? माझं मत विचाराल तर उठून विसळायला लागू नका, शेजारच्या टेबलावरच्या पुरुषाला, तानाकाला, हाक मारा.

आणि खेड्यातली छोटी फॅक्टरी असेल तर आधी विचारून घ्या, तिथे अजून सकाळी टेबलं पुसायची पाळी फक्त बायकांना लावतात असं ऐकायला मिळतं.

इंटरव्ह्यूमध्ये ओळखायचं कसं?

मार्ग विचारा, सोगोशोकु का इप्पानशोकु. ‘एरिया’ असं काहीतरी गोड नाव दिलं असेल तर बढती कुठपर्यंत आहे ते विचारा, बहुतेक वेळा तो जुनाच मार्ग नवीन कपड्यात असतो. पगारातल्या फरकाचा आकडा कंपनीच्या साइटवर किंवा सरकारी डेटाबेसमध्ये असतो, जायच्या आधी बघून जा. बाळंतपणाच्या रजेवरून किती जणी परत आल्या ते विचारा, आणि किती बाबांनी रजा घेतली ते पण. ‘आमच्याकडे कुटुंबासारखं वातावरण आहे’ म्हणाले तर त्या कुटुंबात स्वयंपाकघर कुणाकडे आहे ते बघून घ्या, पाणी आणून देणारं माणूस कोण होतं तेवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे. लग्नाचा बेत काय असं विचारलं तर, अशा प्रश्नांपासून लांब राहा असं कामगार मंत्रालयच कंपन्यांना सांगतं, त्यामुळे हसून ‘याचा या कामाशी संबंध कसा आहे ते सांगाल का’ एवढं नम्र जपानीत विचारता येईल इतकी तयारी करून जा. ते वाक्य मी क्लासच्या मुलींकडून पाठ करून घेते, कुणाला हवं असेल तर मागा.